एमजीबीचा क्लच पुन्हा पुन्हा अडतोय? इंजिन उतरवण्याआधी हे मोजा

गाडी थंड असताना काही त्रास नसतो. सकाळी निघताना रिव्हर्स दोन बोटांनी ढकलला तरी पडतो. वीस-पंचवीस मैल चालवून परत आलो, की घराच्या दारात मात्र क्लच पार तळापर्यंत दाबूनही रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज येतो. जोर लावला तर दात घासल्याचं हाताला कळतं. इंजिन बंद करून गिअर टाकायचा, क्लच दाबून पुन्हा स्टार्टर मारायचा आणि तशीच गाडी आत घ्यायची, असे कितीतरी दिवस काढले.

गाडी १९७२ची एमजीबी जीटी, एमजी या ब्रिटिश कंपनीची छोटी स्पोर्ट्स कार. आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहतो. या गाडीचा जन्म इथून फार लांबचा नाही, ऑक्सफर्डच्या दक्षिणेला ॲबिंग्डनच्या कारखान्यातला. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं एमजीबी तिथे बनत होती. आपल्याकडच्या वाचकांना ओळख पटावी म्हणून सांगतो, तिचं १७९८ सीसीचं इंजिन बी-सीरिज घराण्यातलं, म्हणजे आपल्या ॲम्बॅसेडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचं सख्खं भावंड. कोल्हापूरला काकांची ॲम्बॅसेडर होती. एमजीबी पहिल्यांदा सुरू केली तेव्हा बॉनेटखालून आलेला आवाज ऐकून मला काकांचं अंगण आठवलं. गाडी घेण्यामागे थोडंफार तेही कारण होतं.

तर या गाडीचा क्लच दोन वर्षांत दोनदा बदलून झाला, दोन्ही वेळा एका गॅरेजमध्ये. दोन्ही वेळा गाडी परत आली तेव्हा उत्तम होती आणि दोन्ही वेळा पाच-सहा आठवड्यांत तीच खर्रर्र परत आली. दुसऱ्या वेळी मला सांगण्यात आलं की किटच खराब निघाली असावी. तिसऱ्या वेळी मी गाडी न्यायचीच नाही असं ठरवलं आणि स्वतः शोधायला बसलो. तीन दोष निघाले. त्यांतले दोन इंजिन न उतरवता सापडणारे होते. तिसरा आत होता, पण क्लचमध्ये नव्हता. दोनदा क्लच बदलूनही तो कुणाला दिसला नाही, कारण क्लचच्या किटमध्ये तो भाग येतच नाही.

ज्यांच्याकडे एमजीबी आहे किंवा त्याच काळातली हायड्रॉलिक क्लचची दुसरी कुठली ब्रिटिश गाडी आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे. एमजीबीत क्लचला हात लावायचा म्हणजे इंजिन बाहेर काढावंच लागतं. गिअरबॉक्स एकटा खालून निघत नाही. दोन दिवसांचं आणि दोन माणसांचं काम आहे. ते अंदाजावर काढू नये.

आधी एक भेद स्पष्ट करून घेऊ. क्लच स्लिप मारणं वेगळं आणि क्लच न सुटणं वेगळं. चढावर इंजिनाचे फेरे वाढतात पण गाडी ओढत नाही, जळका वास येतो, हे स्लिप. तिथे प्लेट झिजलेली असते किंवा तिच्यावर तेल आलेलं असतं. अशा वेळी इंजिन उतरवण्याला पर्याय नाही. माझी तक्रार दुसरी होती. पेडल दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून पुरते वेगळे होत नव्हते. याची कारणं पेडलपासून क्रँकशाफ्टच्या टोकापर्यंत कुठेही असू शकतात आणि त्यांतली बरीचशी बाहेर, हाताशी असतात.

परीक्षा रिव्हर्सवर घ्यायची, कारण एमजीबीच्या रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडताना दातांचा वेग जुळवणारी यंत्रणा) नाही. १९६७पर्यंतच्या गाड्यांत पहिल्या गिअरलाही नव्हता. सिंक्रो असलेला गिअर थोडाफार दोष झाकतो. रिव्हर्स काहीच झाकत नाही. इंजिन गरम करा, न्यूट्रलवर आयडल ठेवा, क्लच पूर्ण दाबा आणि मनात पाच आकडे मोजून मग रिव्हर्स टाका. पाच आकड्यांत गिअरबॉक्सचा आतला शाफ्ट थांबायला हवा आणि गिअर आवाज न करता पडायला हवा. खर्रर्र झालंच तर पेडल भराभर चार-पाच वेळा मारून पुन्हा बघा. पेडल मारल्यावर सुधारणा झाली, तर हायड्रॉलिकमध्ये हवा किंवा गळती आहे. काहीच फरक पडला नाही, तर पुढे मोजमाप करावं लागेल. आणखी एक चाचणी आहे. क्लच दाबूनच आधी चौथा टाका आणि तिथून सरळ रिव्हर्समध्ये जा. चौथ्याचा सिंक्रो तो शाफ्ट धरून थांबवतो. मग रिव्हर्स गुपचूप पडला तर शाफ्टला ओढ थोडीच आहे. तरीही घासला तर ओढ जबर आहे असं समजा. माझी गाडी थंड असताना पहिली परीक्षा पास व्हायची आणि गरम झाल्यावर दोन्हीत नापास. या गोष्टीचा अर्थ लागायला मला बराच वेळ लागला.

आता मोजमाप. सगळं कोडं इथेच सुटायला लागतं आणि याला फक्त एक व्हर्निअर आणि पेडल दाबायला एक माणूस लागतो. पेडल दाबलं की वरचा मास्टर सिलिंडर पाइपातून ऑइल ढकलतो आणि खालचा स्लेव्ह सिलिंडर त्या दाबानं क्लच सोडवतो. हा स्लेव्ह बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणाच्या, उजव्या अंगाला दोन बोल्टांवर बसवलेला असतो. त्याच्या रबरी टोपीतून एक दांडा बाहेर येतो आणि रिलीज फोर्कला, म्हणजे आत क्लच दाबणाऱ्या दांडीला, पिनेनं जोडलेला असतो. पेडल दाबल्यावर हा दांडा किती सरकतो ते मोजायचं. गाडी ॲक्सल स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, दोन मिनिटांचं काम असलं तरी नाही. मी खाली झोपलो आणि मेहुण्याला सीटवर बसवलं.

“दाब आता. पूर्ण दाबलास का?”

“दाजी, पाय जमिनीला टेकलाय. याच्या पुढे जागा नाही.”

दांडा साडेनऊ मिलिमीटर सरकला. पुन्हा मोजला, तेवढाच. चांगल्या स्थितीतल्या एमजीबीत ही सरक अर्धा इंच, म्हणजे बारा-साडेबारा मिलिमीटरच्या आसपास मिळायला हवी. माझे तीन मिलिमीटर कुठेतरी हरवत होते. एमजीबीच्या क्लचला स्क्रू फिरवून जुळवण्याची सोय नाही. तो स्वतःच स्वतःला जुळवून घेतो, त्यामुळे हरवलेली सरक कुठून तरी उसनी आणता येत नाही. ती जिथे हरवली तिथेच शोधावी लागते.

कुठे हरवते ते कळण्यासाठी थोडं गणित करू. मास्टर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) पाऊण इंच आणि स्लेव्हचा सव्वा इंच. क्षेत्रफळांचं गुणोत्तर पावणेतीनच्या जरासं वर येतं, २.७८. म्हणजे मास्टरचा पिस्टन २.७८ मिलिमीटर सरकला तेव्हा स्लेव्हचा एक मिलिमीटर सरकतो. पायाला हलकं पडावं म्हणून ही रचना आहे. तिची किंमत अशी, की वर मास्टरपाशी तीन मिलिमीटरचा प्ले (ढिलेपणा) आला की खाली एक मिलिमीटरहून थोडं जास्त नुकसान होतं. आणि क्लच सुटण्यासाठी लागणारी सरक मुळात इतकी मोजकी आहे की तो एक मिलिमीटरही परवडत नाही.

म्हणून पहिली नजर पेडलच्या पिनेवर. बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या बाजूला पेडल बॉक्सवर पत्र्याचं झाकण असतं. त्याचे स्क्रू काढले की मास्टरचा दांडा आणि पेडल जिथे जोडलेले असतात तो सांधा दिसतो. पेडल हातानं हळूच हलवा आणि पेडल हललं तरी दांडा किती वेळ गप्प राहतो ते बघा. माझा डोळ्यांनी दिसेल इतका गप्प राहत होता. स्प्लिट पिन काढायला तिथे बोटं शिरत नाहीत, लांब चोचीची पक्कड लागते. पिन हातात आली तेव्हा तिच्याकडे बघतच राहिलो. ५/१६ इंचाची गोल पिन, पण मधोमध एका अंगानं अशी खाल्लेली, की नखानं चाचपलं तर पायरी लागत होती. दांड्याच्या फोर्कमधली भोकं लांबट झालेली आणि पेडलचं भोक तर सरळ अंडाकृती. पन्नास वर्षांत पायानं लाखो वेळा एकाच दिशेला दाबलेलं लोखंड होतं ते. दोनदा इंजिन उतरलं आणि दोनदा नवा क्लच बसला, पण हे झाकण कुणी उघडलं नव्हतं.

नुसती पिन बदलून पुरत नाही, भोक अंडाकृती असेल तर नवी पिनही तितकीच डुलेल. पेडल काढून ओळखीच्या वेल्डरकडून भोक भरून घेतलं आणि नव्यानं ५/१६चं पाडून घेतलं. मास्टरचा दांडा नवा टाकला. खाली स्लेव्हच्या टोकाला अशीच एक पिन आहे, तीही बदलली. परत मोजलं तर साडेदहा. एक मिलिमीटर परत आला, गणितात बसणारा. अजून दोन हवे होते.

दुसरी नजर होज पाइपवर. लोखंडी पाइप संपून स्लेव्हपर्यंत जो रबरी तुकडा जातो, तो बाहेरून ठीक दिसत असला तरी जुना झाला की आतून सैल पडतो आणि दाब आला की फुगतो. मेहुण्याला पेडल दाबायला सांगून होज मुठीत धरला. फुगवटा हाताला जाणवत होता. चांगला होज असा जाणवत नाही. उलट प्रकारही होतो, आतलं रबर सुजतं आणि ऑइल (ब्रेकमध्येही असतं तेच) परत येताना अडतं. मग पेडल सोडल्यावर क्लच सावकाश धरतो. नवा होज टाकला आणि एअर काढायला घेतली.

या गाडीच्या क्लचची एअर काढणं ही वेगळीच कसरत आहे. पाइपचा मार्ग असा आहे की हवेचा बुडबुडा त्यात वर जाऊन बसतो आणि पेडल मारून मारून खाली यायला तयार होत नाही. दीड बाटली ऑइल वाया घालवल्यावर मी उलट्या दिशेनं केलं. हवेला वर जायचंच असतं, तर तिला वरच जाऊ द्यावं. उजव्या पुढच्या ब्रेक कॅलिपरच्या निपलला (हवा काढायच्या तोंडाला) पारदर्शक नळी लावली, आधी तिच्यातली हवा काढून ती ऑइलनं पूर्ण भरली आणि दुसरं टोक स्लेव्हच्या निपलला जोडलं. दोन्ही निपल उघडायचे, कुणीतरी ब्रेक पेडल अगदी हळू दाबायचं. पेडल खाली पोचलं की कॅलिपरचा निपल बंद करूनच पेडल सोडायचं, पुन्हा उघडायचा, पुन्हा दाबायचं. ऑइल खालून वर चढतं आणि क्लचच्या टाकीत बुडबुडे फुटताना दिसतात. तेव्हा टाकी भरून वाहणार नाही इकडे लक्ष ठेवा, कारण हे ऑइल गाडीचा रंग उखडतं. ब्रेकच्या टाकीतली पातळीही खाली जाऊ देऊ नका, नाहीतर ब्रेकमध्येच हवा शिरेल. काम संपल्यावर ब्रेक नीट लागतात का ते तपासूनच गाडी हलवा.

एक इशारा. स्लेव्ह बेलहाउसिंगवरून सोडवलेला असताना पेडल चुकूनही दाबू नका. पिस्टन बाहेर उडून येतो आणि सगळं ऑइल जमिनीवर.

यानंतर मोजलं, साडेबारा. हवी तेवढी पूर्ण सरक. थंड गाडीत सगळे गिअर सुंदर पडले. त्याच संध्याकाळी तीस मैलांची फेरी मारून आलो, दारात थांबलो, पाच आकडे मोजले, रिव्हर्स टाकला. खर्रर्र.

मला खरंच वाईट वाटलं. पण आता हातात एक पक्की गोष्ट होती. स्लेव्ह पूर्ण सरकतोय, म्हणजे बाहेरचं सगळं निर्दोष आहे. दोष आत आहे. आणि तो गरम झाल्यावरच येतो.

आत काय काय असू शकतं? रिलीज फोर्कच्या खिळीचा बुश झिजलेला असू शकतो, मग बाहेरची सरक आत पोचत नाही. कार्बनचं रिलीज बेअरिंग संपलेलं असू शकतं. क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या खाचांत अडकत असू शकते किंवा बसवताना वाकलेली असू शकते. क्रँकशाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर झिजले असतील तर पेडल दाबलं की क्रँकच पुढे सरकते. हे बाहेरूनच तपासता येतं. कुणाला तरी पेडल दाबायला लावा आणि पुढच्या पुलीवर नजर ठेवा. ती डोळ्यांना दिसेल इतकी पुढे-मागे झाली तर मामला क्लचचा नाही, इंजिनाचा आहे. माझी पुली जागची हलली नाही.

पण यांतलं कुठलंही कारण थंड-गरम असा भेद एवढा काटेकोर पाळत नाही. तो पाळतो स्पिगॉट बुश. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला एक भोक असतं, त्यात पितळी रंगाचा एक छोटा ब्राँझचा बुश ठोकलेला असतो आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं नाक त्यात टेकलेलं असतं. क्लच सुटलेला असतो तेव्हा क्रँक फिरत असते आणि शाफ्ट थांबलेला असतो, म्हणजे नाक आणि बुश एकमेकांवर फिरायला हवेत. बुश कोरडा पडला आणि तापून नाकाला धरू लागला, की क्लच शंभर टक्के सुटलेला असूनही क्रँक त्या शाफ्टला बोटाला धरून फिरवत नेते. क्लच कितीही वेळा बदला, तो सुटतोच आहे. शाफ्ट मात्र थांबत नाही.

तेव्हा शनिवारी सकाळी भाड्यानं इंजिन क्रेन आणली.

उतरवण्याचं तपशीलवार वर्णन वर्कशॉप मॅन्युअलमध्ये आहेच, मी फक्त जिथे माणूस चुकतो तेवढं सांगतो. बॅटऱ्या आधी सोडवा. माझ्या वर्षाच्या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन आहेत, सीटच्या मागे जमिनीखाली. १९६७पर्यंतच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं असतं, तेव्हा तिथे वायरींचा गोंधळ करू नका. बॉनेटच्या बिजागऱ्यांभोवती पेन्सिलनं रेघ मारून ठेवा, परत जुळवायला सोपं पडतं. सगळे पाने इंची घ्या. १३ मिलिमीटरचा पाना अर्ध्या इंचाच्या बोल्टवर बसल्यासारखा वाटतो, पण जाम बोल्टाचे कोपरे तोच गोल करतो. पाण्याच्या तापमानाच्या काट्याला जाणारी बारीक तांब्याची नळी सिलिंडर हेडमधून निघते. ती वायर नाही, आत वायू भरलेला असतो. मुडपली की काटा कायमचा गेला. ती सोडवून, मोठं वेटोळं करून, बाजूला बांधून ठेवा.

इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र काढावा की इंजिन एकटं, यावर दोन तट आहेत. एकत्र काढलं तर जोडणी बाहेर उजेडात करता येते, पण इंजिन फार तिरकं करून उचलावं लागतं आणि गिअरबॉक्सचं मागचं सगळं सोडवावं लागतं. मी एकटं काढलं. रेडिएटर त्याच्या पत्र्यासकट काढला की पुढे पुरेशी जागा होते. गिअरबॉक्सच्या तोंडाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावला. इंजिन एकटंच दीडशे किलोच्या पुढे भरतं, आणि सगळ्यात महत्त्वाचा क्षण ते शाफ्टवरून सुटतानाचा असतो. तिथे क्रेनचा हात एक बोट जरी खाली राहिला तरी इंजिनाचं ओझं त्या शाफ्टवर आणि पर्यायानं क्लच प्लेटवर लटकतं. काढताना जुन्या प्लेटचं काही जात नाही. बसवताना हेच झालं तर नवी कोरी प्लेट मधोमध वाकते आणि मग ती कधीच पूर्ण सुटत नाही. नवा क्लच बसवल्या दिवसापासूनच गिअर पडत नसतील तर पहिला संशय याचाच घ्या.

बेलहाउसिंगमधली धूळ हवेनं फुंकू नका. क्लच प्लेटवरच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, त्याची धूळ फुप्फुसांना घातक. ब्रिटनमध्ये त्याच्यावर पूर्ण बंदी १९९९मध्ये आली. इतक्या वर्षांच्या गाडीत कुठल्या काळची धूळ आहे सांगता येत नाही. मास्क लावा, ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

क्लच काढला. दोन वर्षांत दोनदा बदललेला, म्हणून जवळपास नवा. प्लेट कोरडी, तेलाचा थेंब नाही. कार्बन बेअरिंग चांगलं जाड. मग क्रँकच्या टोकावर टॉर्च मारला. बुशच्या आत काळपट, वाळून कडक झालेल्या ग्रीसचा थर होता, नखानं खरवडला तर पापुद्रा निघाला. गिअरबॉक्सच्या नाकावर निळसर झाक आलेली, तापून येते तशी. सगळी कथा तिथे लिहिलेली होती.

हा बुश ओतीव ब्राँझचा नसतो, ब्राँझची भुकटी दाबून आणि भाजून केलेला असतो. स्पंजासारखी बारीक छिद्रं असतात त्याला, आणि त्या छिद्रांत भरलेलं तेलच त्याला जन्मभर पुरतं. त्याला ग्रीस लावलं की छिद्रं बुजतात. क्लच बसवताना कुणीतरी चांगल्या हेतूनं, जुन्याच बुशात ग्रीस भरलं असणार. काही आठवडे त्या ग्रीसनं निभावलं, म्हणून दोन्ही वेळा गाडी बरी होऊन घरी आली. मग ते वाळलं आणि बुशाचं स्वतःचं तेल बाहेर यायची वाटही बंद करून बसलं. क्लच किटमध्ये तीनच वस्तू येतात, प्रेशर प्लेट, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग. बुश वेगळा मागवावा लागतो. चहाच्या दोन कपांच्या किमतीची वस्तू आहे ती.

जुना बुश बाहेर काढायला ओढायचं हत्यार नसलं तरी चालतं. भोकात ओल्या टिश्यू पेपरचे बोळे कोंबायचे, बुशात घट्ट बसेल अशा जाडीची लोखंडी सळई घालायची आणि हातोडीनं मारायचं. बोळे आत दबतात, बाहेर जायला वाट फक्त बुशामागून असते, आणि दर फटक्याला तो सुतासुतानं बाहेर येतो. मध्ये मध्ये आणखी बोळे भरावे लागतात. मेहुणा आधी हसला होता, दहाव्या फटक्याला बुश जमिनीवर टणकन पडला तेव्हा गप्प झाला.

नवा बुश मी आदल्या दिवसापासून इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवला होता. तेवढा वेळ नसेल तर दुसरी युक्ती आहे, आणि ती एकदा करून बघण्यासारखी आहे. बुशाचं एक तोंड अंगठ्यानं बंद करा, काठोकाठ तेल भरा, वरून दुसरा अंगठा ठेवून घट्ट दाबा. थोड्या वेळात बुशाच्या बाहेरच्या अंगावर तेलाचे बारीक मणी फुटतात, घाम आल्यासारखे. आरपार घाम आला म्हणजे छिद्रं भरली. जुना जितका आत होता तितकाच नवा ठोकला. नाकावरची निळी झाक बारीक एमरी पेपरनं साफ केली, मापात ते अजून ठीक होतं. ठोकण्याआधीच बुश नाकावर चढवून बोटानं फिरवून बघितला होता, विनासायास फिरत होता. तिथे ग्रीस लावलं नाही.

आता क्लच. इंजिन बाहेर आहे तर किट नवी टाकावी की असलेलीच, असा प्रश्न पडतो. प्लेट चांगली होती, पण प्रेशर प्लेटच्या रिंगणावर वर्तुळाकार चरा दिसला, म्हणून मी तिन्ही वस्तू बदलल्या. फ्लायव्हील ब्रेक क्लीनरनं पुसून उजेडात तिरकं बघा. निळे डाग आणि केसासारख्या भेगा असतील तर लेथवाल्याकडे न्या. नव्या प्रेशर प्लेटला गंज लागू नये म्हणून लावलेला चिकट थर असतो, तोही पुसायचा. प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू कोरलेली असते, ती वाचून लावा. मधला उंच भाग गिअरबॉक्सकडे येतो. खाचांना उष्णता सहन करणारं ग्रीस अगदी पुसट, शाफ्टवर एकदा सरकवून बघून बाहेर आलेलं पुसून टाकायचं. जास्त झालं तर ते फिरून लायनिंगवरच उडतं. प्लेट मधोमध धरण्यासाठी सेंटरिंगचं हत्यार वापरा आणि प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट समोरासमोरचे, अर्धा-अर्धा आटा, शेवटी टॉर्क पान्यानं २५ ते ३० पाउंड-फूट.

रिलीज बेअरिंगबद्दल माझं मत सांगतो. कार्बनऐवजी फिरणारं रोलर बेअरिंग मिळतं आणि ते आधुनिक म्हणून बरेच जण घेतात. पण एमजीबीत बेअरिंग फोर्कला धरलेलं असतं आणि फोर्क कमानीत फिरतो, त्यामुळे बेअरिंग पुढे जाताना थोडं वर-खाली सरकतंच. कार्बनच्या कड्याला ते चालतं, ते घासण्यासाठीच बनवलेलं आहे. मी कार्बनच ठेवलं. बदल्यात सिग्नलला पेडल दाबून बसायचं नाही, न्यूट्रल करून पाय काढायचा.

इंजिनाच्या मागच्या सीलकडे आणि गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलकडेही तेव्हाच बघून घ्या. या गिअरबॉक्सलाही २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइलच लागतं, त्यामुळे वासावरून गळती कुठली ते कळत नाही. रंगावरून कळतं. काळं असेल तर इंजिनाचं, सोनेरी असेल तर गिअरबॉक्सचं.

रविवारी इंजिन परत बसवायला शनिवारपेक्षा जास्त वेळ लागला. शाफ्ट प्लेटच्या खाचांत जाईना. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली, मेहुणा क्रँकची पुली पान्यानं किंचित किंचित फिरवत होता, मी दोन्ही बाजूंच्या फटी बघत होतो. फट सगळीकडे सारखी दिसायला हवी. वर कमी, खाली जास्त दिसली तर क्रेन किंवा जॅक हलवा, बोल्टानं ओढून बंद करायचा मोह टाळा. तिसऱ्यांदा गिअरबॉक्सचं तोंड पाव इंच उचललं आणि इंजिन एकदम आत सरकलं. शेवटचा इंचभर भाग तर हातानं ढकलून बसला. तो तसाच बसायला हवा.

ती संध्याकाळ थंड होती, म्हणून चाचणीवर विश्वास ठेवला नाही. पुढच्या शनिवारी उन्हात चाळीस मैल फिरून आलो. दारात थांबलो, क्लच दाबला, पाच आकडे मोजले आणि रिव्हर्स टाकला. आवाज आला नाही. बायको दारात उभी होती, तिनं विचारलं, “पडला?” मी पुन्हा न्यूट्रल करून पुन्हा टाकला, तिला ऐकू यावं म्हणून काच खाली करून.

त्याला आता दोन उन्हाळे झाले. मार्चमध्ये सरक परत मोजली, बाराच्या वर आहे.